पाटी नको, बंप पाहिजे

प्रिय भाऊ,

आज संध्याकाळी नक्की झालं. कॉर्पोरेटरचा माणूस स्वतः घरी येऊन सांगून गेला: उद्या सकाळी दहा वाजता आपल्या वळणाला तुझं नाव देणार. मंडपाचे बांबू येऊन पडलेत, पाटी खांबावर चढली आहे, वर लाल कापड बांधलंय. तुझ्या नावानं एवढं ठरतंय आणि तुला कुणी विचारलेलं नाही, म्हणून लिहायला बसले. उद्या गर्दीत तुझ्याशी बोलणं व्हायचं नाही.

पाटीवर काय लिहिलंय, सांगू? 'स्वर्गीय सुकलालभाई चौक'. भाई! आपल्यात कोण म्हणत होतं तुला भाई?

गाड्या हळू व्हाव्यात म्हणून तू मागितलेला बंप मात्र कुठेच नाही.

तुला आठवतं, रस्ता रुंद करायला महापालिकेची माणसं आली तेव्हा सगळी गल्ली रडत होती आणि तू स्वतः पहार घेऊन आपला ओटा फोडलास? "प्लेगनंतर शहर सुधारतंय, आपण आडवं का यायचं?" असं म्हणालास. रस्ता झाला, डांबर चकचकलं आणि कापडाच्या ताक्यांनी भरलेले टेम्पो सुसाट सुटले. पलीकडे शाळा, पलीकडेच लूमची खाती, तुमचे कापडाचे कारखाने. पाळी सुटली की इकडून सायकली, तिकडून टेम्पो. तेव्हा तुझ्याच लक्षात आलं की रस्ता दिला, पण तो ओलांडायचा कसा ते कुणी विचारलंच नाही!

मग तुझ्या सुटीच्या दिवसांचं काय झालं ते वहिनीला विचार. दर सुटीला बंपची अर्जी घेऊन वॉर्ड कचेरी. तिथला गुजराती कारकून तुला पाहून ओरडायचा, "आवी गयो, बंपवाळो!" खात्यातले दोस्तही तेच म्हणायला लागले. "काय बंपवाले, आज तरी उंची मंजूर झाली का?" तू हसायचास. मला राग यायचा. एवढं हसू तुला सुचायचं कसं रे?

एक विचारू? तू सगळ्यांना सांगायचास, वळणावर सायकलवरून उतरा, हातात धरून चालत न्या. त्या दिवशी तू का नाही उतरलास? की उतरला होतास? ज्याची धडक बसली तो टेम्पोवाला म्हणतो तू सायकलवर होतास. पाहणारे दोघं म्हणतात, चालत होतास. मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळून तरी काय?

तू गेल्यावर गल्लीतल्या बायकांनी ठरवलं, बंप होईपर्यंत रस्त्यात बसायचं. पुढे वहिनी होती. निवडणूक तोंडावर आलेली. कॉर्पोरेटर धावत आला. खाली सतरंजीवर बसला, आईच्या पायाला हात लावला. "बा, तमारा दीकरानु नाम अमर थई जशे." बा म्हणजे आई म्हणतो तिला, आणि मुलाचं नाव अमर करतो! मी विचारलं, आणि बंप? तर म्हणाला, "बहेन, बंप से माल गिरता है, शेठ लोग नाराज होते हैं. पहले चौक, बाद में बंप. बस, रास्ता रोको मत करना."

आईनं हो म्हटलं, भाऊ. लगेच म्हटलं!

मी तिच्याशी भांडले. म्हटलं, पाटीला पाहून कोणता टेम्पो थांबणार आहे गं? ती चवताळलीच. "तू चूप बठ! मना पोऱ्यानं नाव शे ते. गावमा कोणा नावना चौक शे का?" तिचंही काय चुकलं सांग. तिला तुझं काहीतरी हवं होतं, हात लावता येईल असं. वहिनी मध्ये पडली नाही. नुसती तुझ्या पिंकीचं दप्तर आवरत राहिली. आठवडाभर घरात जो तो आपापलं ताट वाढून घेतोय.

आज कॉर्पोरेटरचा तो माणूस सांगून गेला आणि आईला राहवेना. "चाल, माले दखाड." पिंकीला घेऊन आम्ही वळणावर गेलो. नेमकी पाळी सुटलेली. पाटी पलीकडे, आम्ही अलीकडे. आई एक पाऊल पुढे टाकायची आणि मागे घ्यायची. एक टेम्पो इतका जवळून गेला की तिचा पदर उडाला. मी पिंकीला मागे ओढलं.

पलीकडून तो माणूस हात हलवत होता, "आवो बा, आवो!"

आई ओरडली, "तूच ये आठे!"

आणि खरं सांगते, भाऊ, त्यालाही येता येईना! पुढे यायचा, हॉर्न वाजला की उडी मारून मागे जायचा. बांबूवाले हसायला लागले. शेवटी घामाघूम होऊन पोचला तेव्हा आई त्याच्याकडे बघतच राहिली. "तुले येवाले इतला टाइम लागना. मना पोऱ्या तर..."

मग म्हणाली, "मंडप तठे नको. आठे, रस्तामा टाक."

"बा, रस्ता बंद थई जशे!"

"मंग होऊ दे."

त्यानं आवाज चढवला, पोलीस बोलवावे लागतील म्हणाला. आई म्हणे, "येऊ दे. त्यासले चहा पाजू."

घरी येऊन ती वहिनीशेजारी बसली. आता दोघी मिळून गल्लीत निरोप धाडताहेत. मी मात्र घाबरले आहे. आई पासष्टीची, उन्हात डांबरावर बसणार, समोर पोलिसांची गाडी. त्यांनी तिला उचललं तर? कॉर्पोरेटर चिडून तुझी अर्जी कायमचीच बंद करून टाकेल तर? तू असतास तर काय केलं असतंस, एवढं तरी सांग ना!

वचन देते, भाऊ. खडी-डांबराची गाडी वळणावर येऊन उभी राहीपर्यंत मी आईच्या शेजारून उठणार नाही, कुणी गोड बोललं तरी आणि धमकावलं तरी.

दहाला कॉर्पोरेटर येईल. पोलीस त्याच्या आधी. नंतर थोड्याच वेळात पिंकीची शाळा भरते, आणि उद्या ती रस्ता ओलांडेल तेव्हा दोन्ही बाजूंना आपल्या बायका बसलेल्या असतील.

तुझी,
बेबी