परिपाठातली माफी

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की पहूरच्या शाळेत तुम्हाला पाहिलेलं आता कुणी उरलं नसेल. मी मात्र शाळा सुटल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतो आहे. पिंपळनेरकडच्या एका माध्यमिक शाळेत मी मराठी शिकवतो. चाळिशी आली तरी नोकरी कायम नाही. तुकडी विनाअनुदानित, त्यामुळे दर जूनला संस्थेने पुन्हा बोलावलं तर यायचं. या शाळेत मी विद्यार्थी मंडळ सुरू केलं, ते तुमचं पाहूनच.

आम्ही आठवीत असताना मंडळाने तुमच्याविरुद्धच तक्रार आणली होती. उशिरा येणाऱ्याला तुम्ही पहिला तासभर दाराबाहेर उभं करायचात, आणि उशीर व्हायचा नेमका एसटीने येणाऱ्या पोरांना. बोलायचं माझ्यावर आलं. ‘हे बंद झालं पाहिजे,’ मी म्हणालो. तुम्ही चष्मा काढलात. ‘पाहिजे-बिहिजे नंतर. आधी त्यांचं काय बुडतं ते सांग.’ मी अडखळत सांगितलं, की पहिला तास गणिताचा, रोज तेच बुडतं. दुसऱ्या दिवसापासून ती पोरं वर्गात बसायला लागली. त्या संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुम्ही चुलीपुढे बसून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता आहात, मी ताट घेऊन समोर. भाकरी ताटात टाकत तुम्ही म्हणता, ‘मला राग आला होता रे. अजून पुरता गेला नाही.’ आणि वर ठेचाही वाढता. राग आलेला असतानाही मोठं माणूस ऐकून घेऊ शकतं, हे मी त्या स्वयंपाकघरात पाहिलं. तुम्हाला वरून कुणी काही बोललं का, ते मात्र कधी विचारलं नाही.

आमच्या मंडळाची मुख्यमंत्री नववीतली एक मुलगी आहे. सातपुड्याच्या पायथ्याचं गाव, घरचे मजुरीला गुजरातेत जातात, ही इथे आजीजवळ राहून शिकते. मागच्या शनिवारी सभेत तिने विज्ञानाच्या सरांचा विषय काढला. सर शिकवतात छान, शाळा सुटल्यावर थांबून प्रयोग करून घेतात. पण मुलं उत्तर देताना ‘आहे’ऐवजी अहिराणीतलं ‘शे’ म्हणाली की ते नक्कल करून तसंच बोलून दाखवतात, आणि वर्ग हसतो. सर समोर बसलेले असतानाच ती उठून म्हणाली, ‘सर, उत्तर येतं आम्हाला. पण तोंड उघडलं की हसतात, म्हणून आम्ही हात वर करत नाही.’ तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. सरांचा चेहरा लाल झाला. ‘तुम्हाला शुद्ध बोलता येत नाही, हा माझा गुन्हा का?’ म्हणून ते उठून गेले. ते संस्थाचालकांच्या घरातले आहेत, बाई.

मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. ‘पढवलंत तुम्ही तिला.’ मी म्हणालो, ‘नाही सर, विषय तिचाच. मी फक्त घेऊ दिला.’ त्यांनी दार लोटून घेतलं. माणूस वाईट नाही, निवृत्तीला आला आहे. ‘सोमवारी परिपाठाला तिने सगळ्यांसमोर माफी मागायची. तुम्ही तिला उभी करायची. नाहीतर मंडळही राहणार नाही, तुम्हीही.’

सोमवारी ती प्रार्थनेआधी माझ्याकडे आली. मला वाटलं रडेल. ‘माफी मांगसू मी, सर,’ ती म्हणाली. ‘पन मनं काय चुकनं, तेवढं सांगा.’ परिपाठ सुरू झाला, तिचं नाव पुकारलं गेलं आणि मी तिच्या आधी माइकजवळ गेलो. म्हणालो, ‘विषय मी मंजूर केला होता. जबाबदारी माझी. मी सरांची माफी मागतो.’ मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास सोडला. विज्ञानाचे सर मान खाली घालून उभे होते. मला क्षणभर वाटलं, मी तिला वाचवलं.

मधल्या सुट्टीत ती व्हरांड्यात भेटली. आता प्रमाण मराठीत, एकेक शब्द जपून बोलत होती. ‘सर, तुम्ही माफी मागितली म्हणजे आम्ही चुकलो, असंच झालं ना?’

त्या दिवसापासून विज्ञानाचे सर कुणाची नक्कल करत नाहीत. पण अहिराणी बोलणाऱ्या त्या मुलांना प्रश्नही विचारत नाहीत. ती मुलं तासभर समोर पाहत बसतात, मी व्हरांड्यातून जाताना मला दिसतात. मंडळाने यापुढे फक्त झाडं आणि स्वच्छता बघायची, असं ठरलं आहे. तरी आज ती मुलगी दोन मंत्र्यांना घेऊन आली. येत्या शनिवारी त्यांना तोच विषय पुन्हा घ्यायचा आहे, सरांनाही बोलवायचं आहे. ‘भांडायला नाही,’ ती म्हणाली. ‘आम्हाला पुन्हा प्रश्न विचारा, एवढंच म्हणायचंय.’ मी ‘बघतो’ म्हणालो. तिने मान हलवली. असं ‘बघतो’ तिने आधीही पुष्कळदा ऐकलेलं असणार.

शाळा सुटताना शिपायाने निरोप दिला: उद्या संस्थेच्या अध्यक्षांनी घरी बोलावलंय. शिक्षकखोलीत कुजबुज आहे, की आमची तुकडी अनुदानात येते आहे आणि एका जागेसाठी माझं नाव आहे. मंडळाचा विषय तिथे निघेलच. बायकोला मी फक्त जागेचं सांगितलं. तिने शेजारी साखर वाटायची तेवढी बाकी ठेवली आहे.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितो. उद्या त्यांनी मला कायम केलं आणि बदल्यात मंडळ सोडायला सांगितलं, तर मी काय म्हणेन हे मला माहीत नाही, असं लिहिणार होतो. पण बाई, मला माहीत आहे.