ती नक्कल नव्हती

ताई, तुझ्या भावाचा डाव्या हाताने नमस्कार.

अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, पण घाबरू नकोस. उजवा हात हळूहळू हलतोय. राग मात्र जात नाही.

परवा कारखान्यात कापड बेतताना माझं तोंड वाकडं झालं, बोलणं बोबडं झालं, हातातली कात्री गळून पडली. आणि सगळे हसले! मी नेहमीसारखी कटिंग मास्तरांची नक्कल करतोय म्हणे. कोणीतरी "वन्स मोअर!" ओरडलं.

इस्त्रीवाल्या मावशी तेवढ्या धावल्या. "मेल्यांनो, तो नक्कल करत नाहीये!" त्यांनी माझे दोन्ही हात वर करायला लावले. उजवा धपकन खाली आला. अँब्युलन्स त्यांनीच बोलावली. मास्तरांचं तरी चालूच, "एकोणतिसाव्या वर्षी कुठं लकव्याचा झटका येतो?" येतो! आला!

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं म्हणून निभावलं.

आईचे गुडघे कसे आहेत? तिला सांग, हात मुरगळलाय.

खरा राग माझाच येतो. महिन्यापूर्वी फोनवर माझी जीभ पाच मिनिटं अशीच अडखळली होती. तू हसत विचारलंस, "आता कोणाची नक्कल?" मी घाबरलो होतो, ताई. तरी म्हणालो, "मास्तरांची."

तुझा,
धाकटा