पहिला बार जावयाचा

बाबा,

तुम्ही गेल्यावर दादानं लकडगंजची लाकूड कापायची आरामशीन विकली, पण आजोबांच्या रायफलीचा तुटका दस्ता मात्र जपून ठेवलाय. परवा तेल लावून त्यानं तो माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, बाबांची आठवण. माझ्या घरी तुमची आठवण वेगळी आहे. तुमचे जावई रोज सकाळी आरशासमोर उभे राहतात आणि एका डोळ्यानं दाढी करतात.

तुम्ही निष्काळजी असता तर मी कधीच सोडून दिलं असतं. पण बंदुकीला तुमच्याइतकं जपणारा माणूस मी पाहिला नाही. मी शाळेत असताना काका आपल्या जुन्या बंदुकीसाठी नवी काडतुसं घेऊन आले होते. तुम्ही ती बंदूक शेतावरच्या बैलबंडीच्या चाकाला करकचून बांधलीत, चापाला लांब दोरी लावलीत आणि विहिरीच्या कठड्यामागून ओढलीत. वर मला समजावलंत, "काडतूस आत जाते म्हणून बंदुकीले झेपते असं नाही वं. ह्या जुन्या नळ्या काळ्या दारूच्या. नव्या दारूचा जोर त्यायले सोसंलच असं नाही." मला ते सगळं पाठ आहे. माझं दुखणं तेच आहे.

लग्नानंतरची माझी पहिली खंडेनवमी. शिकारीवर अजून बंदी आलेली नव्हती. उमरेड रोडच्या शेतावर शस्त्रपूजा झाली आहे, पाहुणे सुपारी चघळत बसले आहेत. आजोबांच्या रायफलीची जुनी काडतुसं बाजारातून केव्हाच नाहीशी झाली होती. तुमच्या एका दोस्तानं जबलपूरहून नव्या, जोरकस दारूच्या काडतुसांची पेटी आणली होती, माप तेच. पहिला बार जावयाचा ही आपल्या घरची रीत. हे रेल्वेत इंजिनवर असिस्टंट, लवकरच ड्रायव्हर व्हायचे. बंदूक त्यांनी कधी हातातही धरलेली नाही. मी तुमच्याजवळ येऊन हळूच म्हणते, बाबा, आधी चाकाला बांधून पाहा ना. तुम्ही पाहुण्यांकडे बघून हसता.

"जावयाच्या हातातली बंदूक चाकाले बांधू का वं? लोकं हसतीन मले."

आणि मग तुम्ही दादाला दंडाला धरून विहिरीच्या कठड्यामागे नेता आणि स्वतःही तिथंच थांबता. यांनी रायफल कपाळाला लावून नमस्कार केला आणि चाप ओढला. बार पुढं गेला तसा मागंही आला. रायफल मागून फाटली आणि यांचा उजवा डोळा गेला.

धंतोलीच्या दवाखान्यात तुम्ही घरी न जाता बसून राहिलात, खर्चाला मागंपुढं पाहिलं नाहीत, खोटं कशाला बोलू. पण येईल त्याला सांगत होतात की जावयानं नीट धरली नाही. माझ्या सासूबाईंनाही तेच सांगितलंत. यांना इंजिनवरून उतरवून स्टोअरमध्ये बसवलं, तिथं आयुष्य कंदिलांच्या काचा मोजण्यात गेलं. आणि बाबा, हेसुद्धा तुमचंच म्हणणं पुढं चालवत राहिले, माझीच पकड ढिली होती म्हणून. वडीलधाऱ्यांचा शब्द खोटा कसा पाडायचा! दर दिवाळीला मी माहेरी यायची ती एका वाक्यासाठी. जावईबापू, चूक तुमची नव्हती, एवढंच. तुम्ही मला साड्या घेतल्यात, यांना कोट शिवलात. ते वाक्य काही तुमच्या तोंडून निघालं नाही.

नियम मोडलात असंही म्हणता येत नाही. शंकेची बंदूक लांब उभं राहून उडवायची, हे तुम्ही तंतोतंत पाळलंत. फक्त चाकाच्या जागी माझा नवरा उभा केलात.

हे कागद यांच्या हाती लागले तर ते माझ्यावरच रागावतील, म्हणून आत्ता शेगडीत जातील. तुम्ही गेलात त्या दिवशी रडायचं नाही असं ठरवूनच मी आले होते. चादरीबाहेर तुमचे पाय दिसले आणि मी लहान पोरीसारखी धाय मोकलून रडले. मला सावरलं ते यांनीच. तुमच्यावरचा राग एकवेळ जाईल, बाबा. त्या रडण्याचा जात नाही.