पुलाच्या अलीकडचे लाल पट्टे

प्रिय ताई,

मिठाचा ट्रकवाला पुलावरच्या नाक्याच्या आडव्या दांड्यापाशी गोण्या उतरवतो आणि तिथूनच वळतो. त्याने तुझा निरोप सांगितला. येतेयस म्हणे. त्यावर लिहितोच, पण आधी हे पठार कसं आहे ते सांगू दे. एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला तिचंच जुनं कोरडं पात्र, बाकी सरळसोट कडे. वारा असा की टोपी घालणारा मूर्खच. मी आलो तेव्हा म्हटलं, वा, काय मोकळी जागा!

राहतो न्हाव्याच्या दुकानामागे. न्हावीकाका वस्तरा गळ्याशी टेकवून इतिहास सांगतात, म्हणजे मान हलवायची सोय नाही. जुन्या तहात ठरलं होतं, नदी हीच दोन देशांची हद्द. पण नदी कुणाच्या बापाचं ऐकते? मोठा पूर आला की ती पठाराच्या या बाजूची त्या बाजूला जायची, आणि वरचं सरकार बदलायचं. काकांचे वडील एका देशात जन्मले, दुसऱ्यात मेले, आणि घर तेच. काका म्हणतात, “सरकार कुठलंही येवो, केस वाढतातच.”

यंदा दोन्ही सरकारांनी ठरवलं, नदी गेली खड्ड्यात, कायमचे दगड रोवायचे. मोजणीवाल्यांबरोबर मला रंगाचा डबा धरायचं काम मिळालं. दगडांवर लाल पट्टे ओढायचे. मला वाटलं, पुराची खूण असेल! पुलाच्या अलीकडचा पट्टा तर इतका सुबक ओढला की मोजणीदार म्हणाला, “हात चांगलाय रे, डोकं कुठे ठेवलंस?” मी आपला खूश. ते लोक पूल ओलांडून गेले, मी ब्रश धूत मागे राहिलो. तेवढ्यात दांडा पडला. दगडांच्या आत जो, तो आतला, म्हणजे आता आपल्या देशाचा नाही. कोरड्या पात्रापलीकडचे शिपाईही घेत नाहीत, म्हणतात तुम्ही अजून आमचे झाला नाहीत. रोज कड्याकडेने इतका फिरतो की कुत्रीही भुंकायची थांबलीत. तुला माहितीये, मला एका जागी बसवत नाही.

आता तुझ्या येण्याचं. पुलावरचा शिपाई आत येणाऱ्याला अडवत नाही, उलट हसून दांडा उचलतो. बाहेर मात्र कुणालाच सोडत नाही. काकांचा जावई माहेरी आलेल्या बायकोला न्यायला आला, “बघतो कोण अडवतो” म्हणत. आता दोघं दुकानातल्या खुर्च्यांवर झोपतात आणि त्यांची पोर पलीकडे शेजारणीपाशी. तुझं पिल्लू तर अजून अंगावर पितंय. तू भांडशील, शिपायाची कॉलर धरशील, मला ठाऊक आहे. पण ताई, तू समोर आलीस तर मला इतका आनंद होईल की परत जा असं तोंडातून निघायचं नाही. म्हणून तू पलीकडे आहेस तोवरच सांगतो. येऊ नकोस.

तुझाच, घरी यायला अडलेला,
भटक्या