पाणथरीची नोंद

मुक्काम खालापूर, फाल्गुन वद्य पंचमी, सन १८९४

प्रिय विठू,

ठाण्याला वकिलीत तुझा जम बसला हे ऐकून फार बरं वाटलं. पुण्याच्या खोलीत मी हाडांची नावं घोकत बसायचो आणि तू माझ्यावर उलटतपासणीची तालीम करायचास. दूध सांडल्याचं तू मांजराकडूनसुद्धा कबूल करून घेतलं असतंस. इथल्या सरकारी दवाखान्यात मी एकटाच डॉक्टर. तुझी वहिनी बदलीच्या धास्तीनं भांडी बांधून ठेवते आणि मी ती रोज सोडतो.

धास्तीचं कारण सांगतो. डोंगरातल्या कोळशाच्या भट्टीवरून लडकू नावाच्या कातकऱ्याला झोळीत घालून आणलं. झाडावरून पडलो, एवढंच तो म्हणत राहिला. भट्टीचा मुकादम उशाशी उभा होता. मी लिहिलं, ‘रोगी सांगतो, झाडावरून पडलो.’ त्याखाली दिसलं ते लिहिलं. डाव्या बरगड्यांवर वळ, प्रत्येक वळात दोन लाल रेघा आणि मधली कातडी फिकी. अशी खूण काठीची असते, झाडावरून पडल्याची नसते. दुसऱ्या दिवशी तो गेला. पोट उघडलं तर त्या वळांखालीच पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटलेली. हिवतापानं इथे निम्म्या लोकांची पाणथरी सुजलेली असते. लडकूचीही दुपटीनं मोठी होती. तेही मी लिहिलं.

तेव्हापासून भट्टीच्या ठेकेदाराची माणसं दवाखान्यात खेपा घालताहेत. त्यांना माझ्या नोंदीतून फक्त वळ गाळून हवेत. पाणथरी सुजलेली होती, माणूस पडला, ती फुटली, झालं. नाही तर माझी बदली. मारायचं आणि वर मेलेल्याच्या आजारावर ढकलायचं, याची मला इतकी चीड आली आहे की जेवण गोड लागत नाही. लडकूची बायको पारू सुरुवातीला गप्पच होती, कारण झोपडी भट्टीवर. परवा पोरांना घेऊन ती भट्टी सोडून आली आणि दवाखान्याच्या पायरीवर बसून म्हणाली, “त्यो पडला नाय रं दादा. त्याला मारला. आता मी बोलनार हाय. तू लिवलंस ते खोडू नको.” मी खोडणार नव्हतोच, पण ते तिला तोंडानं सांगितलं.

काल कचेरीत कळलं की लडकूच्या मृत्यूचा खटला सोमवारी मामलेदारांपुढे उभा राहतो आहे आणि ठेकेदाराचं वकीलपत्र तू घेतलं आहेस. म्हणून हे पत्र. खटला सोड असं मी म्हणत नाही, तुझं काम तू कर. पाणथरी सुजली होती का, असं तू विचारशील. मी हो म्हणेन. पडलो असं तो स्वतः म्हणाला का? त्यालाही हो. मित्र वाकला असं समजू नकोस, कारण पुढे वळांचं तू विचारलं नाहीस तरी मी सांगणार आहे. हे पत्र मामलेदारांना दाखवलंस तरी हरकत नाही. खटला संपेपर्यंत आमच्याकडे उतरू नकोस, वहिनीची समजूत मी घालेन. सोमवारी पारू समोरच बसलेली असेल. काठी लागलीच नाही असं म्हणायचं असेल, तर माझ्याकडे नको, तिच्याकडे बघून म्हण.

सोमवारी तुझ्याविरुद्ध उभा राहणारा, तरीही तुझाच,
आबाजी