किड्याच्या वाटेने

तीर्थरूप बाबांस,

मंगळवार, ७ जानेवारी, दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे. पुठ्ठ्यांना खळ लावून, हात धुऊन लिहायला बसलो आहे. मी इथे इतिहास शिकतो असं दोन वर्षं तुम्हाला कळवतोय, ते खोटं आहे. मी इतिहास विभागात जुन्या वह्यांची बांधणी करतो.

पण आज काय झालं ऐका! वर्गातली मुलं एका नोंदवहीची सुटी पानं लावत होती. तारखा फाटलेल्या. मला राहवेना. म्हणालो, "किड्याची भोकं बघा. पानागणिक बारीक होत जातात. किडा मधलं पान सोडून उडी मारत नाही."

दहा मिनिटांत वही लागली!

"दादा, आठवडाभर डोकं फोडत होतो आम्ही!" एक मुलगी म्हणाली.

वर्गाच्या बाईंनी विचारलं, "कुठे शिकलात हे?"

"घरी."

त्यांनी संध्याकाळच्या अभ्यासक्रमाचा अर्जच हातात ठेवला. शाळा पुरी केल्याची अट नाही, बाबा!

खोटं कबूल करायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही. अर्ज मात्र भरून दिला. 'आधीचं शिक्षण' या रकान्यात लिहिलं : आठवीपर्यंत शाळेत, पुढे सहा वर्षं वडिलांकडे.

तुमचा,
धाकटा