पुढचं घर

मयूर विहार, दिल्ली
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय भानू,

पत्र हातात पडलं की तू चष्मा शोधशील आणि तो तुझ्या डोक्यावरच असेल. फोन का नाही केला, असंही म्हणशील. केला होता, बरेचदा केला. दर वेळी तुझी सून शिवांगी उचलते आणि आई पडल्यात, असं हळू आवाजात सांगते. सकाळी अकराला कोण पडतं गं? मागच्या वेळी ती म्हणाली, बाबा गेल्यावर पुण्याला आल्यापासून आईंनी एक पुस्तक उघडलेलं नाही. ऐकून मला तुझा राग आला, मग वाईट वाटलं, मग पुन्हा राग आला.

इकडे धुकं आहे. गच्चीवर पापड वाळत घालावेत तर ऊन दुपारी कधीतरी तोंड दाखवून जातं. आमचा सुधन्वा बंगळूरहून रोज फोन करतो, आई, औषध घेतलंस का, असं विचारतो आणि मीटिंगला पळतो. बाकी दिवसभर भाजीवाला, कामवाली, लिफ्टमधले शेजारी, सगळ्यांशी हिंदीच. परवा दूध उतू गेलं तर माझ्या तोंडून चक्क 'अरे यार' निघालं. मला हसू आलं, पण सांगणार कुणाला?

वाचनालय मात्र मी रविवारी उघडते. कपाटं झटकते, पुस्तकं उन्हात धरते, पंखा लावून बघते. आठवतं का, लक्ष्मीबाई नगरला तुमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात एका लोखंडी ट्रंकेत हे सुरू झालं होतं? कुणाची बदली झाली की सामानाच्या ओझ्याला घाबरून लोक पुस्तकं आपल्याकडे टाकून जायचे. तुझे शंकरराव म्हणायचे, सरकार बदल्या करतंय तोवर आपल्याला नवीन पुस्तकांची ददात नाही. मग आपण सगळ्यांनी मिळून इथे सोसायटी केली आणि आमच्या शशिकांतने कमिटीशी भांडून पाण्याच्या पंपाशेजारची ही खोली मिळवली. पंप सुरू झाला की अजूनही वाचणाऱ्याची खुर्ची थरथरते.

पण आपलं खरं वाचनालय त्या खोलीत नव्हतंच. ते दिवाळी अंकांच्या फेरीत होतं. एका घरी आठवडाभर अंक ठेवायचा आणि रविवारी पुढच्या घरी पोचवायचा. दारात ठेवून पळायचं नाही, हातात द्यायचा, चहा घेतल्याशिवाय निघायचं नाही आणि कथेचा शेवट सांगायचा नाही. हा शेवटचा नियम तुझ्यामुळे करावा लागला, तूही ते जाणतेस. तुमच्या घरानंतर माझं घर. शशिकांत मला एकटीला मागे ठेवून गेला त्या वर्षी लोक तेरावं झाल्यावर यायचे थांबले, पण शंकरराव दर रविवारी अंक घेऊन यायचे. इकडचं तिकडचं बोलायचे, चहा प्यायचे, जायचे. अंक मी कित्येकदा वाचतही नसे. रविवारी बेल वाजणार, एवढ्यावर माझा आठवडा निघायचा. हे मी त्यांना कधी बोलले नाही, म्हणून तुला सांगते आहे.

यंदाचा अंक मी पुण्याहून पोस्टाने मागवला. वाचला, बरा होता. शेवटी आपली दोनच घरं उरली होती, तेव्हा माझ्यानंतर पुन्हा तुमचंच घर. रविवारी सवयीने साडी बदलली, अंक पिशवीत घातला आणि तुमच्या दाराशी जाऊन उभी राहिले. बेलवर बोट ठेवलं तेव्हा नवीन पाटी दिसली. आतून एका मुलीने कौन है म्हणून विचारलं. मी गलत फ्लॅट म्हणाले आणि परतले. बाकीची घरं तर केव्हाच विकून झाली, कुणी नागपूरला, कुणी फरीदाबादला मुलाकडे. घरी येऊन मी एकटीसाठी चहा टाकला आणि तो गार होईपर्यंत बसून राहिले.

गेल्या आठवड्यात सोसायटीचे नवे सेक्रेटरी आले. वाईट माणूस नाही. हल्ली लोकांची ऑनलाइन पार्सलं इतकी येतात की गार्डच्या केबिनमध्ये मावत नाहीत, त्यांना ती खोली हवी आहे. एकट्या माणसासाठी सोसायटीची खोली अडवून ठेवता येणार नाही, पण खरंच कुणी वापरत असेल तर मी मीटिंगमध्ये तुमच्या बाजूने बोलेन, असं त्यांनी सांगितलं. मग कपाटाकडे बघत विचारलं, "आंटीजी, सच बताइए, अब कितने घर हैं इस लाइब्रेरी में?"

भानू, मी "दो" म्हणाले. क्षणभरही न थांबता, त्यांच्या डोळ्यांत बघून. शंकररावांशिवाय तुला पान उलटवत नाही हे मला कळतं. मलाही शशिकांतनंतर उलटवत नव्हतं. पण तेव्हा माझ्या दाराची बेल वाजत होती, तुझ्या दाराची वाजत नाही. म्हणून या पत्राबरोबर अंक पाठवते आहे. हातात देण्याचा नियम पोस्टाने मोडतोच, तेव्हा निदान चहाचा नियम पाळावा म्हणून आपल्या नेहमीच्या दुकानातली चहाची पुडी आत ठेवली आहे. शिवांगीला पार्सल फोडू देऊ नकोस. ऊठ, चहा कर, एक तरी कथा वाच, आणि मीटिंगच्या आत अंक परत धाड. शेवट सांगितलास तरी चालेल. सेक्रेटरींशी मी खोटं बोलले की खरं, ते आता तुझ्यावर आहे. रविवारी मी बेलकडे कान लावून बसेन.

तुझीच,
पुढच्या घरची चंद्रप्रभा